स्वस्त फोनचा वकील

अ‍ॅलेक्स रसेल हे नाव वेबवर काम करणाऱ्यांच्या बाहेर फारसं कुणाला माहीत नाही. पण तुम्ही हा लेख ज्या ब्राउझरमध्ये वाचताय, त्याच्या घडणीत या माणसाचा हात आहे. आधी तो डोजो नावाच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर होता, मग बरीच वर्षं गूगलच्या क्रोमवर, आणि २०२१पासून मायक्रोसॉफ्टच्या एजवर. नेटवर्क गेलं तरी वेबसाइट चालू ठेवणारे सर्व्हिस वर्कर्स ज्यांनी रचले त्यांत तो होता. ‘प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप’ हे नाव २०१५ साली त्याने आणि फ्रान्सिस बेरीमन यांनी मिळून दिलं. याशिवाय तो ‘इन्फ्रिक्वेंटली नोटेड’ या नावाखाली निबंध लिहितो. लांबलचक, चिडके आणि आकड्यांनी भरलेले.

हे निबंध कामापुरते वाचले जातात. एखादा आलेख उचलायचा, मीटिंगमध्ये दाखवायचा आणि विसरून जायचं. मला ते सलग वाचावेसे वाटले, कारण त्या सगळ्यांचा नायक एकच आहे: स्वस्त अँड्रॉइड फोन. रसेल त्याची वकिली करतो. ही वकिली कुठे जिंकते आणि कुठे अडखळते, ते पाहण्यासारखं आहे. शेवटी खटला आपल्याच फोनचा चाललेला आहे.

सगळ्यात भक्कम बाजू आधी. ऑक्टोबर २०१७ मधल्या ‘कॅन यू अफोर्ड इट?’ या निबंधात तो एक गणित मांडतो. समजा साधारण २०० डॉलरचा अँड्रॉइड फोन आहे. नेटवर्क सेकंदाला ४०० किलोबिटचं. फोनकडून सर्व्हरकडे जाऊन परत यायला ४०० मिलिसेकंद लागतात. पान पहिल्यांदा उघडताना ५ सेकंदांत वापरता यायला हवं. आता सर्व्हरचा पत्ता शोधणं, जोडणी करणं, ती सुरक्षित करणं आणि मग पान मागणं यात चारेक फेऱ्या होतात. चार चोक सोळा, म्हणजे १.६ सेकंद पहिलं अक्षर यायच्या आधीच गेले. उरले ३.४ सेकंद. ४०० किलोबिट म्हणजे सेकंदाला ५० किलोबाइट. गुणाकार केला की १७० केबी येतात. जावास्क्रिप्ट जास्त असेल तर आकडा १३० केबीवर उतरतो. पान वापरता येण्यासाठी जे जे लागतं ते सगळं एवढ्यात बसवायचं.

या गणिताची ताकद त्याच्या साधेपणात आहे. ‘वेबसाइट जलद असावी’ हे वाक्य कुणीही मान हलवून विसरू शकतं. १७० केबी विसरता येत नाहीत. वाणसामानाच्या यादीसारखं आहे ते: पैसे एवढेच आहेत, आता काय घ्यायचं आणि काय राहू द्यायचं ते ठरवा.

जावास्क्रिप्ट असेल तर आकडा खाली का येतो, हा मुद्दा रसेल पुनःपुन्हा सांगतो. १०० केबीचा फोटो आणि १०० केबीचं जावास्क्रिप्ट यांचं वजन सारखं असलं तरी किंमत सारखी नसते. फोटो उतरवला, उलगडला, दाखवला की काम संपलं. जावास्क्रिप्ट उतरवून वाचावं लागतं, समजून घ्यावं लागतं, चालवावं लागतं. हे बरंचसं काम ज्या धाग्यावर होतं, त्याच धाग्यावर तुमच्या बोटाचा स्पर्शही रांगेत उभा असतो. ‘पुढे जा’ हे बटण दिसतंय, तुम्ही तीनदा दाबलंय आणि काहीच होत नाही, तेव्हा बहुतेक वेळा हेच चाललेलं असतं.

या मालिकेतल्या नंतरच्या निबंधांत त्याने गृहीतकं बदलली, कारण नेटवर्क सुधारलं. आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, हे सांगायला आकडे नकोत. पण स्वस्त फोनमधली चिप त्या वेगाने सुधारली नाही. महागड्या आयफोनच्या तुलनेत ती अनेक वर्षं मागे आहे, आणि ही दरी बुजत नाही असं रसेल दाखवतो. डेटा स्वस्त झाला म्हणून वेबसाइट जड झाल्या, आणि तो भार उचलायचा आला त्याच जुन्या चिपवर.

मग हे इंजिनिअरला दिसत का नाही? यातला मोठा दोष मी आपल्या हत्यारांना देतो. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये एक बटण दाबलं की पान फोनच्या आकाराचं होतं. रुंदी फोनची, स्पर्श फोनचा, आणि सर्व्हरला सांगितलेलं नावही फोनचंच. चिप मात्र लॅपटॉपची राहते. प्रोसेसर चारपट किंवा सहापट मंद करायची सोय आहे, पण ती पट तुमच्याच मशीनच्या हिशेबाने. नव्या मॅकबुकची गती चारने भागली तरी जे उरतं ते स्वस्त अँड्रॉइडपेक्षा वेगवान असू शकतं. अलीकडे क्रोमने ही पट आपल्या मशीनप्रमाणे जुळवून घ्यायची सोय दिली आहे, हे चांगलंच झालं. तरी ती यादीतून निवडावी लागते. न मागता जे मिळतं तो वेग पूर्ण असतो. यूएसबी वायरने खरा फोन जोडून त्यावरचं पान तपासायची सोयही कित्येक वर्षं आहे, पण त्यासाठी टेबलावर एक स्वस्त फोन असायला हवा. हत्यार काय दाखवतं यापेक्षा ते आपणहून काय दाखवत नाही, त्यावर वेब कुणासाठी बनतो हे ठरतं.

इथवर मी पूर्णपणे वकिलाच्या बाजूने आहे. अडचण सुरू होते ती ‘द मार्केट फॉर लेमन्स’ या फेब्रुवारी २०२३ मधल्या निबंधापाशी. नाव जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० सालच्या प्रसिद्ध शोधनिबंधाचं. जुन्या गाड्यांच्या बाजारात गाडीतला दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे चांगल्या गाड्या बाजारातून हटतात आणि खटारे उरतात, असा तो युक्तिवाद. रसेल तो जावास्क्रिप्ट फ्रेमवर्क्सना लावतो. रिअ‍ॅक्ट आणि त्या घराण्यातल्या फ्रेमवर्क्सची भलामण करणाऱ्यांनी वेगाची स्वप्नं विकली, घेणाऱ्यांना किंमत कळली नाही, आणि दशकभर बाजार खटाऱ्यांनी भरला.

उपमा चपखल आहे, पण अर्धीच. या खरेदीत गिऱ्हाईक नक्की कोण? हिंजवडीतल्या एखाद्या सर्व्हिस कंपनीत प्रोजेक्ट येतो तेव्हा त्यात काय वापरायचं ते क्लायंटने आधीच लिहिलेलं असतं. टीममधला मुलगा ते निवडत नाही. तो आधीच निवडला गेलेला असतो, आणि तोही रिअ‍ॅक्ट येतं म्हणून. मुलाखतींमध्ये मला हुक्स विचारले गेले, स्टेट मॅनेजमेंट विचारलं गेलं. दोन जीबी रॅमच्या फोनवर पान कसं चालेल, हे कुणी विचारलं नाही. त्या मुलाला रिअ‍ॅक्टचं वजन कळत नाही असं नाही. रिझ्युमेवर तो शब्द नसेल तर फोन येणार नाही, हे त्याला जास्त चांगलं कळतं.

गंमत म्हणजे याचं उत्तर अकरलॉफ यांच्या शेजारीच होतं. त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते जोसेफ स्टिग्लिट्झ आणि मायकल स्पेन्स यांच्यासोबत. स्पेन्स यांचं काम नोकरीच्या बाजारावर आहे. माणूस किती चांगला हे मालकाला थेट दिसत नाही, म्हणून तो खुणांवर विसंबतो, आणि उमेदवार त्या खुणा गोळा करतात, मग प्रत्यक्ष कामात त्यांचा उपयोग होवो न होवो. रिअ‍ॅक्ट ही आज अशी खूण आहे. रसेलने गाड्यांचा बाजार पाहिला, नोकऱ्यांचा पाहिला नाही. त्यामुळे त्याच्या रागाचा रोख कधीकधी इंजिनिअरच्या नैतिकतेवर जातो, जिथे प्रश्न पोटाचा असतो. चांगला पगार आणि ठरवण्याचा अधिकार असलेल्या माणसाने ही चूक करणं समजण्यासारखं आहे. वाचणाऱ्याने ती तशीच गिळू नये.

दुसरी अडचण त्याच्या उपायात आहे. वेबला आणखी ताकद द्या, असं रसेलचं म्हणणं. आयफोनवर वेब पुश मार्च २०२३ मध्ये, आयओएस १६.४ सोबत आलं. क्रोममध्ये ते २०१५ पासून होतं. आयफोनवर बाकी ब्राउझरांनीही आतून अ‍ॅपलचंच वेबकिट इंजिन वापरायचं, हा नियम युरोपीय संघात २०२४ मध्ये कायद्याच्या रेट्याने सैल झाला. तोवर अ‍ॅपलने वेबला मुद्दाम लंगडं ठेवलं, कारण अ‍ॅप स्टोअरवर कमिशन मिळतं, हा त्याचा आरोप. आठ वर्षांचं अंतर पाहिलं तर तो आरोप हवेतला वाटत नाही.

पण याच यादीत वेब ब्लूटूथ आणि वेब यूएसबीसुद्धा येतात. अ‍ॅपलने २०२० मध्ये अशा सोळा सोयी नाकारल्या, कारण त्यांतून वापरणाऱ्याची ओळख हेरता येते. मोझिलानेही या दोन्हींना हानिकारक ठरवलं आहे, आणि मोझिलाकडे अ‍ॅप स्टोअर नाही. या आक्षेपाला रसेलचे निबंध पुरेसं वजन देत नाहीत. त्यात हेही लक्षात ठेवायला हवं की एज २०२०पासून क्रोमच्याच क्रोमियमवर उभा आहे. वेब जितका ताकदवान, तितकी या इंजिनाची पकड घट्ट. वकील प्रामाणिक असू शकतो, तरी त्याची फी कोण देतं हे कोर्टाने विचारायचं असतं.

आणि एक रिकामी जागा. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्स घेतं, रोमन अक्षर एक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार ठेवावे लागतात, म्हणून तो रोमन फॉन्टपेक्षा जड होतो. १७० केबींच्या पिशवीत आपलं सामान मुळातच जास्त आहे. पण देवनागरी फॉन्ट अँड्रॉइडमध्ये आधीच असतो, त्यामुळे सुंदर अक्षरांचा मोह आवरला तर ते वजन शून्यावर येतं. हे गणित रसेल मांडणार नाही. ते आपल्यालाच मांडावं लागेल.

एवढं सगळं म्हणूनही हे निबंध वाचायला मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगेन. फ्रेमवर्क ठरवायचा अधिकार त्याच्याकडे नसेल, पण मीटिंगमध्ये आकडा ठेवायला अधिकार लागत नाही. ‘हे पान जड वाटतंय’ म्हणणाऱ्या ज्युनिअरला गप्प करणं सोपं असतं. ‘प्रवेशाच्या फॉर्मचं हे पान ९०० केबी जावास्क्रिप्ट मागतं, शेवटच्या तारखेला एखादी मुलगी ते आईच्या फोनवर उघडणार आहे, आणि तो फोन हा घ्या’ असं म्हणून टेबलावर फोन ठेवणाऱ्याला गप्प करणं तितकं सोपं नाही.

तुम्ही आत्ता वाचलेल्या या लेखाचा मजकूर कॉम्प्रेस न करता २० ते २५ केबी भरतो. पान त्याच्यापेक्षा जितकं जड असेल, ते वजन कशाचं आणि कुणासाठी आहे, हे विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.