वेग खरा, पण पोच कुठाय?
संदेशांच्या रांगेसाठी लॉग वापरायचा तर लिंक्डइनच्या अभियंत्यांचा 2011चा काफ्का पेपर जरूर वाचा. आकडे डोळ्यांत भरतात: एकेक संदेश पाठवून सेकंदाला साधारण 50 हजार, पन्नासचा गठ्ठा केला की 4 लाख. रॅबिटएमक्यू, ॲक्टिव्हएमक्यू पार मागे.

पण थांबा. या चाचणीत काफ्काचा प्रोड्यूसर ब्रोकरच्या पोचपावतीची वाटच बघत नव्हता! लेखकांनी हे लपवलेलं नाही. क्लिकच्या नोंदींत चार संदेश हरवले तरी चालतं. माझा आक्षेप वेगळा आहे. पोच घेऊन मोजणी दिलेली नाही. मग वेगात रचनेचा वाटा किती आणि पोच टाळण्याचा किती, कसं ठरवायचं?

2021च्या 3.0 आवृत्तीत लीडरसोबत चालणाऱ्या सर्व प्रतींची पोच घेणं डिफॉल्ट झालं. तेव्हा आधी ठरवा: तुमचा कुठला संदेश हरवलेला चालेल? वेगाचं नंतर बघू.