थेंबभर रक्त आणि गाळलेले आकडे

जॉन कॅरीरू यांचे 'बॅड ब्लड' हे २०१८ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी पुस्तक एखाद्या रहस्यकथेसारखे वाचून होते. बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर ढीगभर तपासण्या करण्याचा दावा करणारी अमेरिकेतील थेरॅनॉस ही कंपनी, तिच्या तरुण संस्थापिका एलिझाबेथ होम्स आणि २०१५ साली फुटलेले बिंग, अशी ही हकीकत. गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्स यांना २०२२ मध्ये तुरुंगवासाची शिक्षाही झाली.

रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाच्या नजरेने वाचले, तर पुस्तकाचे वजन वेगळे भरते. पोटॅशियमची गोष्ट लेखकाने चांगली सांगितली आहे. तांबड्या पेशींत पोटॅशियमचे प्रमाण रक्तद्रवाच्या वीसपटींहूनही अधिक असते. बोट पिळून रक्त काढताना थोड्या पेशी फुटल्या, तरी ते बाहेर पडते आणि आकडा खोटाच फुगतो. नमुनाच बिघडला तर यंत्र बिचारे काय करणार? पेशीपटल शिकवताना हे उदाहरण वर्गात जरूर घ्यावे.

तक्रार आहे ती पुढच्या प्रसंगाबद्दल. २०१३ च्या अखेरीस एरिका चंग या नवपदवीधर तरुणीने रुग्णाची ड जीवनसत्त्वाची तपासणी करण्याआधी कंपनीच्या यंत्रावर नियंत्रण-नमुना लावला. नियंत्रण-नमुना म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा नमुना. उत्तर चुकले. पुन्हा लावला, पुन्हा चुकले. मग दोन आकडे 'विसंगत' ठरवून गाळण्यात आले आणि यंत्र पास झाले! पुस्तकाचा प्राण इथे आहे. पण लेखक तो थोडक्यात उरकतात. होम्स यांचा काळा स्वेटर आणि घोगरा आवाज यांना मात्र भरपूर जागा मिळते.

लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये मांडलेला आलेख प्रयोगशाळांत आजही वापरतात. मधली रेघ सरासरीची, वर-खाली प्रमाण विचलनाच्या रेघा. यंत्र ठीक असतानाही विसांत साधारण एक बिंदू दोन विचलनांपलीकडे जातोच. पण म्हणून तो पुसायचा नसतो. कारण शोधायचे आणि तोवर रुग्णांचे निकाल अडवायचे. एवढे समजावले असते, तर चंग यांचा आक्षेप हा निव्वळ भाबडा प्रामाणिकपणा नसून रोजच्या कामाची रीतच आहे, हे वाचकाला कळले असते. लंबकाचे आकडे 'जुळवून' गुरुत्वत्वरण ९.८ आणणारी मुले आपल्याही वर्गात असतात, त्यांना तर हे हवेच होते.

चंग यांनी २०१५ मध्ये सरकारी नियामकांना पत्र लिहिले. नंतर झालेल्या तपासणीच्या अहवालातही या नियंत्रण-नमुन्यांच्याच नापास नोंदी निघाल्या.