पहिली चाल कोणाची?

मनीषनगरात राहून या विषयावर लिहायचं, तर सुरुवात नागपूरच्या दिव्या देशमुखपासूनच होणार. २८ जुलै २०२५, बाटुमी, महिला विश्वचषकाचा टायब्रेक. पहिल्या रॅपिड डावात दिव्याकडे पांढरी मोहरी होती, बरोबरी झाली. दुसऱ्यात काळी आली, आणि तिनं कोनेरू हंपीला हरवलं.

बुद्धिबळात शंभरातले साधारण ५४-५५ गुण पांढऱ्याला जातात. हा दोष खेळ स्वतः सुधारत नाही. स्पर्धा रंग आलटूनपालटून देते, एवढंच. 'गो'मध्ये दुसऱ्याला साडेसहा-साडेसात गुणांची भरपाई मिळते. 'हेक्स'मध्ये तर अचूक खेळला तर पहिलाच जिंकणार, हे जॉन नॅशनं सिद्ध केलं. म्हणून तिथे पहिली चाल बघून दुसऱ्याला बाजू बदलता येते. वडीची वाटणीच ती: एकानं कापायची, दुसऱ्यानं निवडायची.

डिझाइन म्हणून 'हेक्स' जास्त न्यायी आहे. तरी मला बुद्धिबळ मोठं वाटतं, कारण त्यातला अन्याय खरा असला तरी पुरून उरत नाही. बाटुमीत शेवटी घड्याळ पळत होतं आणि चुकली ती पांढरी बाजू. पहिल्या चालीची पुंजी तोवर केव्हाच संपली होती. 'काळी मोहरी असूनही जिंकली' या कौतुकातला 'असूनही' म्हणूनच मला खटकतो.