जबडा आणि नाव

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातील चिलखती माशांची चित्रे आज मुलांच्या पुस्तकांपासून संग्रहालयांच्या भिंतींपर्यंत सर्वत्र दिसतात. हाडांच्या पत्र्यांनी मढलेले डोके, दातांच्या जागी कात्रीच्या पात्यांसारखी हाडे, उघडा जबडा. यांतला सर्वांत लाडका डंक्लिऑस्टियस, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला. त्याच्या डोक्याचे चिलखत दगडात टिकले. मागचे धड बहुतांशी नाहीसे झाले. म्हणजे चित्रकाराने डोके पाहिले आणि धड कल्पिले. कल्पिताना त्याला आठ-नऊ मीटरांपर्यंत लांबवले. २०२३ साली नव्याने झालेल्या मोजमापात तो साडेतीन-चार मीटरांचाच असावा असे निघाले. मधले चार-पाच मीटर कोठून आले? ते भयाचे आहेत. भयाला गिऱ्हाईक असते.

या चित्रांना मी क्षुद्र लेखत नाही. परंतु अशा चित्रांपुढे उभी राहिली की आपली प्रस्थापित समीक्षा जनावराचा आकार, रेषेचे सामर्थ्य, रंगाची खोली एवढ्यावरच थांबते. जबड्यापुढे कोण आहे, हे ती विचारत नाही. आपण मराठवाड्यातल्या माणसांनी ते विचारायला हवे. समुद्र सह्याद्रीपलीकडे, आणि आपला दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा. त्यात मासा सापडायचा नाही. तरीही आपल्या लेण्यांतून समुद्राची जनावरे दीड हजार वर्षे वावरत आहेत. ती छिन्नीने आणि कुंचल्याने तेथे घातलेली आहेत. ज्याने घातली त्याने समुद्र पाहिला होता की केवळ ऐकला होता, कोण सांगणार?

वेरूळचे २१ वे लेणे घ्या. दर्शनी भागात गंगा मकरावर उभी आहे. हत्तीसारखी सोंड, मगरीचा जबडा, माशाची शेपूट असे हे जोडजनावर. गंगेच्या देहाचा डौल पाहून जाणकार हरखतात, आणि त्यात चूक काही नाही. पण मकर? तो पायाखालचा पाट झाला आहे. पुढे तोरणावर, दागिन्याच्या टोकाला, मंदिराच्या पन्हाळीच्या मुखाशी तो बसत गेला तसतसे त्याचे भय आटले आणि अलंकार उरला. पन्हाळीवरचा मकर पाहिला की मला मात्र त्या पाण्याचीच आठवण होते. देवाच्या अंगावरून आलेले पाणी याच्या तोंडातून पडायचे आणि ते कोणी शिवायचे हे ठरलेले असायचे. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे घडले त्याच्यामागे असे किती मकर बसलेले होते! ‘मकराचे सौंदर्य’ या विषयावर लिहिणाऱ्यांनी कधीतरी या बाजूनेही त्याच्याकडे पाहावे.

प्राचीन भारतीय कल्पनेत याहून मोठे जनावरही आहे. तिमी हा महाकाय मासा. तिमीला गिळणारा तो तिमिंगल. आणि तिमिंगलालाही गिळणारा तिमिंगलगिल. प्रत्येकाच्या पोटात त्याच्या खालचा. डॉ. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले तिचे याहून नेमके चित्र कोणी काढले असेल असे वाटत नाही. फक्त काढणाऱ्यांना आपण काय काढतो आहोत याचा पत्ता नव्हता. राजनीतीने यातून मत्स्यन्याय काढला. मोठा मासा लहानाला खातो, म्हणून दंड हवा, दंड धरणारा राजा हवा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हा युक्तिवाद आहे, आणि मनुस्मृतीही त्याच वाटेने जाते. परंतु दंड हाती आल्यावर राजा कोणता मासा ठरला, हा हिशेब लहान माशांनीच ठेवायचा असतो.

बौद्ध कलेने याच जनावराला वेगळे उत्तर दिले. भारहूतच्या कठड्यावर, इसवी सनापूर्वीच्या शिल्पात, प्रचंड मासा नावेसह माणसांना गिळतो आहे. आणि शेजारचा लेख सांगतो की वसुगुप्त त्या पोटातून सुटून काठाला लागला. शिल्पकाराला माशाचे कौतुक आहेच. पण नावेतली माणसे त्याने दाण्यासारखी बारीक केलेली नाहीत. त्यांना चेहरे दिले आहेत.

आता अजिंठ्याचे दुसरे लेणे. उजव्या बाजूच्या भिंतीवर पूर्णाची कथा रंगवली आहे. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे काम, बरेच झिजलेले. तीन डोलकाठ्यांची नाव, तिच्यात रचलेली मडकी, भोवती पाण्यात मासे आणि अर्धमानवी जलचर. वाटाड्याची विजेरी नावेवर थांबते, जलचरांवर थांबते आणि पुढे सरकते. जहाजबांधणीच्या इतिहासकारांनाही हे चित्र प्रिय आहे. पण कथा काय आहे?

दिव्यावदानात ती आली आहे. शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा. तेथील भव नावाच्या व्यापाऱ्याला दासीपासून झालेला मुलगा तो पूर्ण. भव आजारी पडला तेव्हा बायको-मुलांनी पाठ फिरवली, शुश्रूषा दासीने केली. बाप मेल्यावर भावांनी वाटण्या केल्या. एकाला घर आणि शेती, एकाला दुकान आणि परदेशातला माल, आणि थोरल्या भविलाच्या वाट्याला काय, तर पूर्ण! दासीचा मुलगा हाच एक वाटा. मालमत्तेच्या यादीत माणूस. पुढे हाच पूर्ण स्वतःच्या हिकमतीने सागरी व्यापारी होतो, मग भिक्षू होतो. भविल चंदनासाठी समुद्रापार जातो, वादळात सापडतो. सगळे देव आळवून होतात आणि शेवटी हाक जाते ती पूर्णाला. घरात दासीपुत्र, समुद्रात आर्य! तो येतो, वादळ शमते.

हाक मारली की कोणीतरी धावून येते, हा भाग मला पटत नाही. औरंगाबाद लेण्यांतल्या सातव्या लेण्यात, आपल्या विद्यापीठामागच्या डोंगरात, अवलोकितेश्वराभोवती आठ भये कोरली आहेत: आग, तलवार, बेड्या, बुडती नाव, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. बेड्या आणि समुद्र एकाच रांगेत बसवणाऱ्याला जग ठाऊक होते यात शंका नाही. पण तेथे तारणारा मधोमध प्रचंड आहे आणि माणसे कडेला लहान. पूर्णाच्या कथेत तारणारा त्याच घरातून बाहेर काढलेला माणूस आहे. हा फरक मला कलादृष्ट्याही मोलाचा वाटतो. दुसऱ्या लेण्यातले जलचर जिवंत वाटतात, कारण त्यांच्या पाण्यात कोणाचे तरी मरण आहे. आणि ते मरण कोणामुळे टळते, हे कळल्याशिवाय चित्र अर्धेच पाहिले जाते.

चिलखती माशांच्या चित्रांत माणूस नसणार हे उघड आहे. त्या काळी तो नव्हताच. पण चौकटीबाहेर तो आहे. स्कॉटलंडमध्ये क्रोमार्टीच्या ह्यू मिलरने (१८०२–१८५६) सतराव्या वर्षी पाथरवटाचा हातोडा हाती घेतला. तांबड्या वालुकाश्मात त्याला चिलखती मासे सापडले. त्यांतला पंखांसारखे अवयव असलेला एक त्याच्या नावाने ओळखला जातो. १८४१ साली त्याने त्या खडकावर पुस्तक लिहिले. दगडाची धूळ त्याच्या फुप्फुसांत शिरली ती कायमची. मजुराच्या हाताला मासा लागला आणि मजुरानेच तो शब्दांत मांडला, असे क्वचित घडते. आपल्याकडे अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात वाकाटकांचा मंत्री वराहदेव नावानिशी नोंदलेला आहे. छिन्नी चालवणाऱ्यांचे नाव शोधून पाहा.

चिलखती माशासाठी स्कॉटलंडला जायचीही गरज नाही. पैठणहून वाहणारी आपली गोदावरी सिरोंचाजवळ प्राणहितेला भेटते. तेथील कोटा गावावरून ज्या खडकांना नाव पडले त्यांत जुरासिक काळातला लेपिडोटिस हा मासा सापडला. जाड, चौकटी, मिन्याने चकाकणारे खवले, जवळजवळ चिलखतच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याला ‘डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा, असे नाव दिले गेले. त्याचे एकही मराठी चित्र माझ्या पाहण्यात नाही.

माझ्या वर्गातला एक मुलगा ते काढतो आहे. वडार वस्तीतला आहे. वडील खडी केंद्रावर जातात. त्याने मासा पाण्यात काढला नाही, फोडलेल्या खडकात काढला, आणि शेजारी फोडणारा बसवला. खवले अजून त्याला साधलेले नाहीत. हातोड्यावरची मूठ मात्र बरोबर उतरली आहे.