पूर्वपक्षाचे ऋण

आमच्या शाळेतील वरच्या वर्गास आगरकरांविषयी शिकवीत असता एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, ‘‘सर, मरणानंतर काही नाही आणि वर पाहणाराही कोणी नाही, असे ज्याला वाटते त्याने खोटे का बोलू नये?’’ प्रश्न जुनाच आहे. आमच्या गुरुजींनी आम्हांस जे उत्तर दिले होते तेच आम्ही पुढे केले : म्हणूनच तर चार्वाक ऋण काढून तूप प्यावयास सांगतो ! वर्ग हसला. तो विद्यार्थी मात्र हसला नाही. ‘‘पण आगरकरांनी ऋण काढले होते का?’’ एवढे विचारून तो खाली बसला आणि तेवढ्यात घंटा झाली.

तीस वर्षांच्या अध्यापनात आम्ही हे तुपाचे उत्तर किती वेळा दिले असेल याचा हिशोब नाही. त्या दिवशी मात्र ते आमचे आम्हांसच बोचले. जगाचा उलगडा जगातच शोधणारा, निसर्गाच्या पलीकडे कोणतीही सत्ता न मानणारा जो विचार, त्याचा परिचय मराठी वाचकाला बहुधा त्याच्या प्रतिपक्षाकडूनच होत आला आहे. तो परिचय कितपत न्याय्य आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात हेतू आहे.

आपल्या शास्त्रकारांनी पूर्वपक्षाची प्रथा घालून दिली, याचा आपण अभिमान बाळगतो आणि तो अस्थानी नाही. खंडन करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या वतीने मांडावयाचे, ही बौद्धिक शिस्त लहान नव्हे. पण या प्रथेत एक धोका आहे : प्रतिपक्षाचे ग्रंथ नष्ट झाले की त्याच्या नावे उरतो तो केवळ पूर्वपक्ष, आणि तो लिहिणारा त्याचा वकील नसून फिर्यादी असतो. लोकायतांचे नेमके असेच झाले. 14 व्या शतकातील, माधवाचार्यांच्या नावावर असलेल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’त चार्वाकदर्शनाला पहिले स्थान आहे. हा मान नव्हे. त्या ग्रंथाची रचनाच अशी आहे की एकेक दर्शन पुढच्या दर्शनाने खोडावयाचे आणि शांकरदर्शनापाशी येऊन थांबावयाचे. चार्वाक जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर आहे. माधवाचार्य ते प्रकरण रंगवून लिहितात यात शंका नाही. ते वाचताना कित्येकदा असे वाटते की लेखकाला आपल्या प्रतिपक्षाचे बोलणे मनातून आवडले असावे. पण त्यातील जे सर्वांत चटकदार वाक्य तेच आज लोकांच्या तोंडी उरले आहे.

आणि तेही मूळचे आहे काय? 9 व्या शतकातील जयंतभट्टांच्या ‘न्यायमंजरी’त त्या श्लोकाचा जो पाठ आहे त्यात सुखाने जगण्याचा उपदेश आहे, पण ऋणही नाही आणि तूपही नाही. त्या जागी मृत्यूच्या तावडीतून कोणीही सुटत नाही, एवढेच म्हटले आहे. जयंतभट्ट हे लोकायतांचे मित्र नव्हते. ते कट्टर नैयायिक होते. त्यांनीही जे लिहिले नाही ते पुढे पाच शतकांनी प्रमाण ठरले. ज्या माणसाने मरणाकडे डोळे उघडे ठेवून पाहिले त्याला आपण उधारखोर ठरवून मोकळे झालो.

दुसरी गोष्ट अनुमानाची. चार्वाक प्रत्यक्षापलीकडे काहीच मानीत नाही, धूर पाहून अग्नी ओळखण्याइतकेही नाही, असे आपण शिकवितो. परंतु 8 व्या शतकातील बौद्ध पंडित कमलशील यांनी पुरंदर नावाच्या लोकायतिकाचे मत नोंदविले आहे. लोकव्यवहारात जे अनुमान अनुभवाने पडताळता येते ते पुरंदराला मान्य आहे. ज्याचा पडताळाच शक्य नाही त्या परलोकाविषयीचे अनुमान तेवढे त्याला अमान्य आहे. ही भूमिका चूक असेल. पोरकट मात्र खचित नाही. आजचा कोणताही विज्ञानाचा शिक्षक प्रयोगशाळेत याहून फारसे वेगळे काही म्हणत नाही.

येथे आम्हां बडोदेकरांस आणखी एका ग्रंथाचे स्मरण होणे साहजिक आहे. जयराशिभट्टाचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ पाटण येथील ग्रंथभांडारात 1926 साली हाती लागला आणि गायकवाड ग्रंथमालेत तो 1940 साली येथूनच प्रसिद्ध झाला. लोकायतांच्या वर्तुळातला म्हणून जो एकच समग्र ग्रंथ आज सांगता येतो तो हा, आणि तो जपला जैनांनी. तो वाचून चार्वाकमताचा सोपा सारांश शोधणाऱ्याची निराशाच होते, कारण जयराशी सर्वच प्रमाणांचा पाया उखडतो. पृथ्वी, आप, तेज, वायू ही तत्त्वेही सिद्ध करता येत नाहीत म्हणतो. तो निसर्गवादी की निव्वळ संशयवादी, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. आम्हांस तो दुसऱ्या पक्षाकडे अधिक झुकलेला वाटतो.

मराठीत या विचाराला नाव देतानाच आपला कौल दिसून येतो. ‘जडवाद’ हा शब्द पाहा. ‘जड’ म्हणजे अचेतन हे खरे. पण मंदबुद्धीच्या मुलालाही आपण जडच म्हणतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी आपल्या पुस्तकाचे नाव ‘जडवाद’ असेच ठेवले, ते या निंदेला न भिता, असे आम्ही समजतो. ‘निसर्गवाद’ म्हणावे तर वाङ्मयाच्या अभ्यासकास झोला आठवतो. ‘नास्तिक’ हा शब्द तर मुळीच उपयोगाचा नाही. आपल्या परंपरेत वेद न मानणारा तो नास्तिक. त्यामुळे जगाचा कर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक आणि निरीश्वर सांख्य हे आस्तिक ठरतात. तेव्हा निसर्गवादाच्या विरोधी उभा आहे तो केवळ ईश्वरवाद नव्हे; आत्मा, कर्मफल आणि मोक्ष यांवर उभारलेली एक संबंध विश्वदृष्टी होय.

त्या विश्वदृष्टीच्या बाजूने मराठीत लिहिला गेलेला सर्वांत समर्थ ग्रंथ ‘गीतारहस्य’ हाच आहे. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात तो लिहिला गेला आणि 1915 साली प्रसिद्ध झाला. पूर्वपक्ष मांडण्याच्या कामी टिळक माधवाचार्यांहून पुष्कळच उदार आहेत, हे प्रथम सांगितले पाहिजे. ‘आधिभौतिक सुखवाद’ या चौथ्या प्रकरणात ते चार्वाकाच्या निव्वळ स्वार्थापासून आरंभ करून हॉब्सचा दूरदर्शी स्वार्थ, त्यापुढचा शहाणा स्वार्थ, आणि अखेर बेंथाम-मिल यांचे पुष्कळांचे पुष्कळ सुख अशा चढत्या पायऱ्या दाखवितात. हॉब्सला ते चार्वाक समजत नाहीत आणि मिलला हॉब्स समजत नाहीत. वर्गात शिकविणाऱ्या माणसाला या मांडणीची किंमत कळते. (टिळक स्वतः मास्तर होते हे आपण फार विसरतो.)

खंडनात ते अमेरिकेतील ट्रामगाडीचा दाखला देतात. एका मोठ्या शहरात ट्राम सुरू करण्यासाठी अधिकाऱ्यास लाच दिली गेली. ट्राममुळे हजारो लोकांची सोय झाली. म्हणून लाच देणे नीतीचे झाले काय? बाह्य परिणाम मोजून नीती ठरत नाही, कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, हा टिळकांचा निष्कर्ष आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. परंतु येथून पुढे वाचकाच्या मनात नकळत एक उडी घेतली जाते. पुष्कळांच्या सुखाचे माप अपुरे आहे, एवढ्याने जग निसर्गनियमांनीच चालते हे मत खोटे पडत नाही. जग कशाचे बनले हा एक प्रश्न आणि चांगले कशाला म्हणावे हा दुसरा. कर्त्याची शुद्ध बुद्धी हीदेखील माणसाच्या स्वभावात, शिक्षणात आणि सहवासात घडलेली निसर्गातीलच गोष्ट आहे, असे निसर्गवादी म्हणू शकतो. त्या बुद्धीसाठी नित्य आत्मा कशाला हवा, हे ट्रामच्या दाखल्याने सिद्ध होत नाही.

टिळकांचे खरे बळ दुसरीकडे आहे. सातव्या-आठव्या प्रकरणांत ते हेकेलच्या उत्क्रांतीची कपिलाच्या सांख्याशी तुलना करतात. तेथे उपहासाचा लवलेशही नाही. एका मूळ द्रव्यापासून सृष्टी क्रमाक्रमाने उलगडली, ही कल्पना त्यांना परकी वाटत नाही. त्यांचा आक्षेप एकच आहे : हे सर्व जाणणारा जो, तो या जाणल्या जाणाऱ्या पदार्थांपैकीच एक कसा? चार्वाकाने याचे उत्तर किण्वाच्या दृष्टान्ताने दिले होते. धान्यात मद नसतो, आंबविल्यावर येतो. तसेच भूतांच्या संयोगातून चैतन्य येते. दृष्टान्त सुरेख आहे, पण मद आणि मद चढल्याची जाणीव यांत अंतर आहे. मेंदूविषयीचे आजचे ज्ञान चार्वाकाच्या किंवा हेकेलच्या ज्ञानाहून कितीतरी पटींनी अधिक आहे. तरी हे अंतर भरून निघाले, असे ज्ञाते लोक एकमुखाने म्हणत नाहीत. धर्मदृष्टीच्या कैवाऱ्यांनी नीतीची भीती घालण्याचे सोडून या एका प्रश्नावर ठाण मांडले असते, तर त्यांची बाजू अधिक बळकट झाली असती.

आता आगरकर. मराठीत निसर्गवाद स्वतःच्या तोंडाने, फिर्यादीच्या मध्यस्थीशिवाय बोलला तो प्रथम त्यांच्या निबंधांत. मिल आणि स्पेन्सर वाचून त्यांचे मन तयार झाले होते. ‘देवतोत्पत्ति’सारख्या लेखनात देवतांची कल्पना माणसाच्या मनात कशी उपजली, हे ते उलगडून दाखवितात. त्यांचे गद्य येथे स्वच्छ आणि निर्भय आहे. पण आम्हांस पक्षपात करावयाचा नाही. एखादी कल्पना कशी उपजली हे सांगितल्याने ती खोटी ठरत नाही. गणित बोटे मोजण्यातून आले, म्हणून ते खोटे काय? त्याचप्रमाणे मिलची नीती आणि स्पेन्सरचा उत्क्रमवाद हे एकाच दिशेने जात नाहीत, याची जाणीव आगरकरांच्या लेखनात आम्हांस फारशी आढळत नाही. देव गेला तरी नीती राहील, हे ते खात्रीने सांगतात. का राहील, हे सांगताना मात्र घाई करतात. ‘सुधारक’ 1888 साली निघाला आणि 1895 साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते गेले. सात वर्षांत, दम्याने पोखरलेल्या देहाने, रोजच्या वादंगात किती लिहावयाचे?

‘गीतारहस्य’ त्यानंतर वीस वर्षांनी आले. कॉलेजात रात्री जागवून ज्या दोघांनी आपल्या आयुष्याचे मार्ग ठरविले त्यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याला कधी ऐकावयास मिळाले नाही. मराठी विचाराचे यात मोठे नुकसान झाले, असे आमचे मत आहे, कारण पुढे वाद झाले ते बहुधा अनुयायांचे, आणि अनुयायांना पूर्वपक्ष लिहिण्याचा कंटाळा असतो.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर यात मिळाले काय? आगरकरांनी ऋण काढून तूप खाल्ले नाही, हे सर्वश्रुत आहे. पदवीनंतर मोठ्या पगाराच्या मागे न लागता पोटापुरत्या मिळकतीत राहण्याचा निश्चय त्यांनी आईला पत्राने कळविला होता आणि तो पाळलाही. पण चारित्र्य हे प्रमाण नव्हे. निसर्गवादी सत्यवचनी असू शकतो, एवढेच त्यावरून ठरते. त्याने सत्यवचनी का असावे, ते ठरत नाही. आणि जो नरकाच्या भयाने खरे बोलतो त्याची बुद्धी शुद्ध म्हणावी काय, हा प्रश्न ‘गीतारहस्य’ वाचणाऱ्यालाही चुकविता येणार नाही.

यंदा आम्ही ‘गीतारहस्या’चे चौथे प्रकरण आणि ‘देवतोत्पत्ति’ ही दोन्ही शेजारी ठेवून वर्गात वाचली. नंतर मुलांना निबंधास विषय दिला : आगरकर 1915 साली हयात असते तर त्यांनी ट्रामगाडीच्या दाखल्यास काय उत्तर दिले असते? वह्या कालच आल्या आहेत. वरची वही त्या प्रश्न विचारणाऱ्याची आहे आणि तिच्यात त्याने टिळकांची बाजू घेतली आहे.