ऐकणाऱ्याचे वाङ्मय

विचारवंतांच्या कोणत्याही संप्रदायाची परीक्षा त्याच्या मध्यभागी बसलेल्या श्रेष्ठांच्या ग्रंथांवरून करण्याची आपली जुनी रीत आहे. ती सोयीची असली तरी पुरेशी नाही. संप्रदायाच्या कडेला बसलेली माणसे त्याच ग्रंथांतील शब्द उचलतात, आणि त्यांचा जो अर्थ मध्यभागी कोणी उच्चारला नसेल तो कृतीत आणतात. अशा वेळी मध्यभाग म्हणतो, ‘ती माणसे आमची नव्हेत.’ हे म्हणणे कितपत खरे मानावे, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा आहे असे आम्हांस वाटत नाही. शब्दांचे बरेवाईट पारखणे हे जर समीक्षेचे काम असेल, तर त्या शब्दांना होकार देणाऱ्या श्रोत्याची परीक्षाही तिलाच करावी लागेल.

आम्ही ज्या मुनिरक्यात राहतो त्याच्या शेजारच्या विद्यापीठात हा प्रश्न नेहमीच चर्चिला जातो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ १९६९ साली सुरू झाले. त्याच वर्षी सशस्त्र क्रांतीचा पुरस्कार करणारा मार्क्सवादी-लेनिनवादी पक्ष स्थापन झाला. आणि त्याच वर्षी न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाने महात्मा गांधींच्या खुनामागील कटाविषयीचा आपला अहवाल सादर केला. पहिल्या दोन घटनांच्या परस्परसंबंधावर येथे तरुण मंडळी रात्र-रात्र वाद घालतात. तिसरीचा विषय निघाला की मराठी माणूस मात्र बहुधा गप्प होतो. डाव्या बाजूच्या अतिरेकाचा हिशेब त्या बाजूच्या विचारवंतांनी द्यावा, अशी अपेक्षा आपण बाळगतो, व ती रास्तही आहे. परंतु मग आपल्या घरचा हिशेब आपण दिला पाहिजे.

३० जानेवारी १९४८ रोजी खून दिल्लीत बिर्ला भवनात झाला, खटला दिल्लीतच लाल किल्ल्यात चालला. पण त्या कृत्यामागची भाषा पुण्याहून आली होती. नथुराम गोडसे हा कोणी रानावनात लपलेला दरोडेखोर नव्हता. तो ‘अग्रणी’ व पुढे ‘हिंदुराष्ट्र’ या मराठी दैनिकाचा संपादक होता, आणि नारायण आपटे त्याच पत्राची व्यवस्था पाहत असे. अग्रलेख लिहावा, मुद्रिते तपासावी, सभेत बोलावे, वाचकांची पत्रे छापावी, असे ते जीवन होते. पुण्याच्या सुशिक्षित वर्गाच्या कडेला, परंतु त्या वर्गाच्या दृष्टीच्या व कानाच्या टप्प्यात, हे सारे चालले होते.

या घटनेवर मराठीत जे लिहिले गेले त्याचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग कैफियतीचा. गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ हे पुस्तक १९६७ साली प्रसिद्ध झाले, सरकारने ते जप्त केले, आणि १९६९ साली मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा हुकूम रद्द केला. न्यायालयाने केले ते योग्यच केले. पुस्तकास उत्तर पुस्तकानेच द्यावयाचे असते. १९९८ साली रंगभूमीवर आलेल्या प्रदीप दळवी यांच्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकावरही बंदी आली, आणि बंदीने त्याचे आकर्षण वाढविले. या नाटकाचे शीर्षकच त्याच्या वाङ्मयप्रकाराची कबुली देते. येथे एक मनुष्य बोलतो आणि बाकीच्यांनी ऐकावयाचे असते. कैफियतीतील तपशिलांचा समाचार य. दि. फडके यांनी ‘नथुरामायण’ लिहून घेतला. तथापि तपशील खोडून काढले तरी प्रेक्षागृहातील टाळ्या कोठून येतात याचा उलगडा होत नाही.

दुसरा वर्ग जखमेचा. खुनानंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली; मुंबईत जमावाने केलेल्या हल्ल्यात डॉ. नारायणराव सावरकर जबर जखमी झाले व पुढल्याच वर्षी वारले. ज्यांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता अशी कुटुंबे एका रात्रीत देशोधडीला लागली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही या वर्गातील उत्तम कृती होय. पुण्याहून आपल्या गावाकडे निघालेल्या तरुणांच्या नजरेतून तिच्यात ती आग दिसते, आणि लेखक कोठेही आवाज चढवीत नाही. या कादंबरीचे मोल आम्ही मुळीच कमी लेखीत नाही. परंतु तिच्या वाचकांनी तिचा एक गैरवापर केला, असे म्हणणे भाग आहे. आपण जळालो, तेव्हा आपला हिशेब चुकता झाला, अशी एक समजूत त्यांच्यात नकळत रुजली. वस्तुतः निरपराध्यांची घरे जाळणे हा स्वतंत्र गुन्हा होता. त्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि पहिला प्रश्न विचारल्याने त्या गुन्ह्याचे समर्थनही होत नाही.

कैफियत व जखम या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. ती जागा ऐकणाऱ्याची. नथुरामच्या बोलण्यातील दाहकता ज्यांनी समोर बसून ऐकली, चहाचा पेला खाली ठेवला आणि घरी गेले, त्यांच्याविषयी आपल्या ललित वाङ्मयात आम्हांस जवळजवळ काहीच आढळत नाही. ते आढळते एका सरकारी अहवालात. १२ नोव्हेंबर १९६४ रोजी, शिक्षा भोगून सुटलेल्यांच्या सत्कारप्रसंगी पुण्यात ‘केसरी’चे माजी संपादक व लोकमान्यांचे नातू ग. वि. केतकर यांनी, नथुरामने आपला बेत आपणास आधीच सांगितला होता, असे जाहीरपणे म्हटले. त्यावरून उठलेल्या गदारोळातूनच पुढे कपूर आयोग निघाला. बाळूकाका कानिटकरांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना १९४७ सालीच सावधगिरीचे पत्र लिहिले होते, हेही त्याच प्रकरणात पुढे आले. म्हणजे कुजबूज होती. काहींनी ती वर पोचविण्याचा यत्नही केला. बहुतेकांनी तिला नुसतेच बोलणे मानले.

मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांची गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. त्यांनी मदनलाल पाहवा या निर्वासित तरुणास आपली पुस्तके विकावयास देऊन आधार दिला होता. मदनलालने गांधीजींच्या जीवावरील कटाची वाच्यता त्यांच्यापाशी केली. जैनांना ती प्रथम त्रासलेल्या पोराची बढाई वाटली. २० जानेवारीस बिर्ला भवनात स्फोट झाला तेव्हा त्यांना अर्थ उमगला, व दुसऱ्याच दिवशी त्यांनी खेर आणि मोरारजी देसाई यांना सारे सांगितले. हाती नऊ दिवस होते. ते वाया गेले. पुढे जैनांनी यावर पुस्तक लिहिले, आणि बापूंना आपण वाचवू शकलो नाही हेच त्याला नाव दिले. ऐकणाऱ्याने स्वतःवर लिहिलेले हे पुस्तक हिंदी व प्राकृताच्या एका अभ्यासकाचे आहे. पुण्याच्या कोणा साहित्यिकाने त्याच्या जोडीला ठेवावे असे काही लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

असे का व्हावे? आमच्या मते याचे एक कारण आपल्या वाङ्मयीन परंपरेतच आहे. १८९७ साली रँडचा खून झाला तेव्हा परक्या सरकारने ‘केसरी’तील लेखनाचा व पिस्तुलाचा संबंध जोडू पाहिला, आणि टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तेव्हा लेखनाच्या बाजूने उभे राहणे हे मराठी सुशिक्षितांचे कर्तव्यच होते. परंतु त्या दिवसांत लागलेली सवय कारण सरल्यावरही टिकली. जहाल लेखन म्हणजे तेजस्वी लेखन, आणि त्याच्या परिणामाविषयी शंका काढणारा तो सरकारधार्जिणा, असे समीकरण बनले. १९४७ साली सरकार आपले होते, समोर परका रँड नव्हता, प्रार्थनेस निघालेला एक वृद्ध होता. तरी कान जुनाच राहिला. ‘गांधीवध’ हा शब्द आपल्याकडे किती सहज रूढ झाला ते पाहावे. वध कंसाचा होतो, अफझलखानाचा होतो. हा शब्द लिहिणारा प्रत्येक जण खुनाचा समर्थक होता असे नव्हे. पण शब्दातला निकाल त्याला खटकला नाही, एवढे खरे.

यावर कोणी म्हणेल की, जिवावर उठण्याची भाषा माणसे रागाच्या भरात रोजच वापरतात; ऐकणाऱ्याने कोणाकोणाची फिर्याद करावी? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही पोलिसांविषयी बोलत नसून समीक्षेविषयी बोलत आहोत. फिर्याद आणि मौन यांच्यामध्ये विरोध नावाची एक गोष्ट असते. ‘हे बोलणे मला मान्य नाही, आणि यापुढे ते माझ्यासमोर नको,’ असे मित्राला तोंडावर सांगण्यास कोणताही कायदा लागत नाही. साने गुरुजींनी खुनानंतर एकवीस दिवसांचे उपोषण केले. ज्या समाजातून हे निघाले तो माझा आहे, असे त्यांनी मानले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक काढले. त्याच ‘साधना’चे संपादक नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या झाडून खून झाला. २०२४ साली न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली व तिघांना निर्दोष सोडले. न्यायालयाचे काम पुराव्यापुरते असते. दाभोलकरांविषयी जे वर्षानुवर्षे बोलले गेले ते हसून ऐकणारे कोण होते, हे न्यायालय विचारीत नाही. ते साहित्याने विचारावयाचे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे आयुष्य अहवाल वाचण्यात आणि लिहिण्यात गेले आहे. कपूर अहवाल त्यांनी सवडीने वाचावा, अशी आमची विनंती आहे. इंग्रजीतील तो नीरस मजकूर, त्यातील साक्षी, टिपणे व वेळेवर न पोचलेले निरोप, यांच्यात एका मराठी कादंबरीची सामग्री पडून आहे. तिचा नायक नथुराम नसेल. पुण्याच्या पेठेतील एखाद्या वाड्यात राहणारा, बहुश्रुत, निरुपद्रवी, कोणाचे वाईट न चिंतणारा असा तो गृहस्थ असेल. एका संध्याकाळी त्याच्या माजघरात एक वाक्य उच्चारले जाईल, आणि तो विषय बदलील. ही कादंबरी लिहिली जाईपर्यंत १९४८ वरचे आपले वाङ्मय अपुरेच राहील, असे आम्हांस वाटते.