कार्नेगीची ग्रंथालये आणि अनाथपिंडिकाच्या कण्या

अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकन पोलाद-कारखानदाराचा संपत्तीविषयक निबंध १८८९ साली प्रसिद्ध झाला. २०१० मध्ये गेट्स व बफे यांनी अब्जाधीशांकडून निम्मी संपत्ती दान करण्याची प्रतिज्ञा घेण्यास आरंभ केला, त्या विचाराचे पूर्वरूप याच निबंधात आढळते. आपल्याकडे धनिकांच्या दानाचा गौरव करताना अनाथपिंडिकाचे नाव सहज घेतले जाते. म्हणून पालि साहित्य समोर ठेवून या निबंधाची परीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कार्नेगीला न्याय दिला पाहिजे. गडगंज संपत्ती मागे ठेवून मरणे त्याला लांच्छनास्पद वाटे आणि अशा संपत्तीवर जबर मृत्युकर असावा, असेही तो म्हणतो. त्याच्या पैशातून अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. (ज्यांच्या पूर्वजांना अक्षर निषिद्ध होते, त्यांचे मन ‘ग्रंथालय’ या शब्दाने मऊ व्हावे हे स्वाभाविकच.) परंतु निबंधाचा गाभा निराळाच आहे. हीच रक्कम वर्षानुवर्षे थोडीथोडी अनेकांत वाटली गेली तर ती व्यर्थ जाईल. एका समर्थ पुरुषाच्या हाती साठून मग लोककार्यास लागली तर सर्वांचे अधिक हित होईल, असे तो प्रतिपादितो. मजुराचे हित मजुराहून मालकाला अधिक कळते, हे येथे गृहीतच आहे. निबंधानंतर तीनच वर्षांनी, १८९२ साली, त्याच्या होमस्टेड येथील कारखान्यात वेतनकपातीवरून संघर्ष पेटला. खासगी सशस्त्र रक्षक आणले गेले, दोन्ही बाजूंची माणसे मेली, कामगार संघटना मोडली. पुढे १८९८ मध्ये त्याच गावी कार्नेगीचे ग्रंथालय उघडले. बारा-बारा तासांची पाळी करून आलेल्या मजुराने तेथे केव्हा वाचावे, याचे उत्तर निबंधात शोधून सापडत नाही.

अंगुत्तरनिकायातील अनणसुत्तात तथागतांनी अनाथपिंडिकालाच गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांतील पहिले सुख धन असण्याचे. पण कोणते धन? स्वतःच्या कष्टाने, घाम गाळून, धम्माने मिळविलेले. दानाचा उल्लेख त्यानंतरच्या, धनाच्या उपभोगाच्या सुखात येतो. आमच्या मते हा क्रम निर्णायक आहे. कार्नेगीचा निबंध संपत्तीच्या विनियोगाविषयी पानेच्या पाने बोलतो. तिच्या अर्जनाचा प्रश्न मात्र स्पर्धेच्या नियमावर सोपवून मोकळा होतो.

दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनादसुत्त याहून पुढे जाते. निर्धनांना धन न दिल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली. राजाने पकडलेल्या चोराला धन दिले, तेव्हा ते ऐकून आणखी लोक चोरी करू लागले. मग राजाने शिरच्छेद आरंभिला आणि हिंसा बळावली. राजा कृपण नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे. त्याने दिले, पण उशिरा, आणि समोर आला त्यालाच. कूटदन्तसुत्तातील पुरोहित शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन देण्यास सांगतो, ते यज्ञाच्या आधी.

अनाथपिंडिकालाही आदर्श म्हणून सरसकट पुढे करू नये. त्याचे अठरा कोटी व्यापाऱ्यांकडे येणे होते, असे अट्ठकथा म्हणते. म्हणजे तो पैसा कर्जाऊ देत असे. तथापि त्याच परंपरेनुसार ते धन बुडाले, पुरलेले धन नदीने वाहून नेले आणि तो दरिद्री झाला, तरी त्याचे देणे थांबले नाही. वेलामसुत्तात तो सांगतो की, आपल्या घरी आता कण्यांचा भात आणि आंबट कांजी एवढेच दान दिले जाते. तेव्हा तथागत त्याला वेलाम ब्राह्मणाच्या सोन्या-रुप्याच्या महादानाची कथा सांगतात आणि त्याहून श्रेष्ठ गोष्टींची चढण मांडतात. संघासाठी विहार बांधणे त्या चढणीवर आहे. पण शरणगमन, शीलपालन आणि मैत्रीची क्षणभराची भावना त्याहून वर आहेत. हे सर्व जेतवनात, त्याच अनाथपिंडिकाने मोहरा अंथरून विकत घेतलेल्या भूमीवर, त्यालाच उद्देशून सांगितले गेले.